तळ्यावर आळ न घेणाऱ्या विशाखास

विशाखा,

तुझ्या जलदानाच्या वेळी भंतेजींनी लोटा माझ्या हातात दिला, घरच्या सगळ्यांनी माझ्या हाताला हात लावला, आणि माझ्या डोक्यात काय आलं सांगू? हे पाणी कुठलं? नळाचं की जारचं? लोक रडत होते आणि मी ताटात पडणारी धार पाहत होते, तिला रंग आहे का, वास आहे का. तुझ्या कॉलेजच्या बाया बाजूला बसल्या होत्या, त्यांना वाटलं असेल वहिनीला धक्का बसला, पापणी लवत नाही. धक्का बसलाच होता. पण तू तिथं असतीस तर तूही तेच पाहिलं असतंस आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली असतीस, "वयनी, वास घेऊन पाय बरं."

आपलं भांडण अर्धं राहिलं, बाई. तू जायच्या थोडं आधी फोनवर तेच सुरू होतं, आणि तुझ्या कुकरची शिट्टी झाली. "उद्या बोलू," म्हणालीस. मग कॉलेजच्या जिन्यात तुझ्या छातीत कळ आली आणि तू बोलणंच संपवून टाकलंस. जिची वेणी मी घातली, जिच्या आठवी-नववीच्या पुस्तकांतून मी, चौथीत शाळा सुटलेली बाई, वाचायला शिकले, ती माझी लहान नणंद माझ्याआधी गेली. याचा राग आहे मला. पण रागावून बसायला सध्या वेळ नाही. काल गावात जे झालं ते तुला माझ्याशिवाय कोणी नीट सांगणार नाही. तेही पहिल्यापासून सांगते, कारण मधातून सुरुवात करणं मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे.

तुझे दादा लिव्हरच्या गाठीनं गेले. अकोल्याच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं कागदावरून मान वर न करता मला विचारलं, "दारू किती वर्षं?" मी म्हटलं, "वर्षं काय विचारता, थेंब विचारा. एकही नाही." त्यानं असं पाहिलं, जशा सगळ्याच बाया असं म्हणतात. म्हणतही असतील. दादा पलंगावर पडल्या पडल्या हसले. "लिहू दे वो त्याले. न पेता नाव तं झालं!" ते हसले, पण मला हसता आलं नाही. आम्ही गावात पोचायच्या आधी ती गोष्ट गावात पोचली होती. लिव्हर म्हटलं की दारू, असा हिशेब असतो लोकांचा. जो माणूस विहारात पोरांकडून बावीस प्रतिज्ञांतली दारू न पिण्याची ओळ दोनदा म्हणवून घ्यायचा, त्याच्या मागं लोक डोळे मिचकावायला लागले.

आणि माझ्या घरात तू होतीस. अमरावतीला उभा जन्म त्याच एका विषयात घालवलेली. तळ्यातलं निळं-हिरवं शेवाळ, त्यातलं विष आणि लिव्हरच्या गाठी. मला वाटलं, सुटले. एक वाक्य तू बोलायचं, की दादांना तळ्याच्या पाण्यानं गाठ झाली. लोकांची तोंडं बंद. तू ते वाक्य बोलली नाहीस. शेवटपर्यंत नाही. हेच आपलं भांडण.

आता तळ्याचं. दर्यापूरकडचा आपला पट्टा खारपाणाचा. विहीर खणा, मीठ. बोअर मारा, मीठ. डाळ शिजत नाही, चहा फाटतो. नळ त्याच्या मर्जीनं येतो. गोडं पाणी म्हणजे गावाचं तळं, आणि त्या तळ्याची पायरी तुझ्या आजीला उतरता येत नव्हती. घागर घेऊन वर उभं राहायचं. एखाद्या बाईला दया आली तर तिनं वरून ओतायचं, नाही आली तर ऊन डोक्यावर घेऊन परत यायचं. सासूबाई हे सांगायच्या आणि सांगून झालं की तळ्याच्या पाण्याचा गडवा तोंडाला लावायच्या. गटगट आवाज करत प्यायच्या. तसा आवाज मी दुसऱ्या कोणाचा ऐकला नाही.

दादांनी कृषी सहायकाची सगळी नोकरी वरूडकडे संत्र्याच्या बागांत काढली. तिथं झाडाच्या खोडाला मोरचूद आणि चुना लावतात, रोग मरतो. निवृत्त होऊन घरी आले तर एका उन्हाळ्यात तळं असं हिरवं झालं, जसा कोणी ऑइलपेंटचा डबा सांडला. वास असा की म्हशी तोंड फिरवायच्या. दादा म्हणाले, याच्यावर औषध माझ्याकडं आहे. गावातल्या बंडूच्या कृषी केंद्रातून मोरचुदाची पोती आणली, ट्रकच्या ट्यूबला मागं बांधली, आणि दोघं लुंग्या खोचून ती पोती सगळ्या तळ्यातून ओढत फिरले. थोड्या दिवसांत पाणी काचेसारखं. खालचे गोटे दिसायला लागले. गावानं दादांना तळ्याच्या पायरीवर उभं करून हार घातला. त्याच पायरीवर, विशाखा. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी त्या दिवशी जेवण केलं नाही, इतक्या भरून आल्या होत्या.

आणि तू सुट्टीत आलीस आणि सगळ्यावर पाणी फिरवलंस.

"दादा, हे काय केलं तुमी!" चप्पलही काढली नव्हतीस. तू सांगितलंस की विष त्या शेवाळाच्या अंगात असतं. ते जिवंत असतं तोवर बरंचसं आतच राहतं. मोरचूद टाकला की ते फुटतं आणि आतलं सगळं पाण्यात उतरतं. "हिरवं पाणी निदान भेव दाखवते, दादा. हे साफ पाणी तं आवाज न करता मारते." बोलल्या त्या सासूबाई. "आमाले हे पाणी भेटून अजून धड दोन पिढ्या नाही झाल्या, आन् तू म्हणतं पेऊ नका?"

तुझ्या विद्येत त्याला उत्तरच नव्हतं. तू आईच्या पायाशी जाऊन बसलीस आणि तिची नखं कापायला लागलीस.

पुढच्या उन्हाळ्यात मोरचूद टाकू नका म्हणून तू फोन केलास, दादा "हो हो" म्हणाले. मग दाराशी चार माणसं आली, "दादा, तुमच्याबिगर होत नाही," आणि दादा निघाले. ज्याला कोणी कधी तळ्यावर बोलावलं नव्हतं त्या घरच्या माणसाला गाव बोलवायला आलं, तर तो नाही म्हणेल का? मी थांबवलं नाही. मला तर त्यांचा लुंगी खोचलेला ऐटबाजपणा आवडायचा.

ते आजारी पडल्यावर मी एकच केलं, पाणी उकळलं. मोठं पातेलं, खळखळ उकळी. तू आलीस, पातेल्यात पाहिलंस. "वयनी, हे विष उकळून जात नाही. काही तर अजून सुटते."

"मंग काय करू? वाळवून पेऊ?"

तू हसलीस आणि मग डोळे पुसलेस. दुसऱ्या दिवशी अमरावतीहून कोळशाचं फिल्टर घेऊन आलीस. उशीर झाला होता, दोघींनाही माहीत होतं. तरी तू ते ओट्यावर बसवलंस, नळी जोडलीस, आणि पहिला पेला दादांना दिलास. दादा म्हणाले, "चव नाही याले."

तुझ्या प्रयोगशाळेत मी एकदाच आले. पांढरे उंदीर, लाल डोळे. मी तुला दारातच धरलं. "बुद्धाचं नाव घेतं आन् मुके जीव मारतं?" तू हातमोजे काढत होतीस. म्हणालीस, "पहिलं शील रोज म्हणते वयनी. आन् तरी करते. याचं उत्तर मले सापडलं की पहिले तुलेच सांगीन." पुढं तू उंदीर सोडून काचेच्या ताटल्यांत वाढवलेल्या पेशींवर काम करायला लागलीस. माझ्या बोलण्यानं की सरकारी नियमानं, तू कधी सांगितलं नाहीस. मी मात्र माझ्याच बोलण्यानं असं धरून चालले आहे. आता तू नाही म्हणायला येणार नाहीस, म्हणजे तेच खरं.

त्या दिवशी तू मला रंगीत चौकटींचा एक कागद दाखवलास, लाल, हिरव्या, काळ्या. "हे तं माय गोधडीसारखं हाये," मी म्हटलं. तू म्हणालीस, गोधडीच आहे. एकेक चौकट म्हणजे एकेक जीन. लाल म्हणजे जास्त बोलून राहिला, हिरवा म्हणजे गप्प पडला. मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते दादा गेल्यावर, घरामागच्या वाडीत. मी मोरीचं पाणी दांडानं मेथीच्या वाफ्यात सोडत होते आणि तू माझ्यामागं उभी होतीस.

"वयनी, तू आता काय केलं?"

"मेथीचा दांड फोडला, कांद्याचा बांधला."

"लिव्हरच्या पेशीत तेच चालते. सगळे वाफे तिथंच असतात. पण कोणत्या येळी कोणाले पाणी, ते ठरलेलं. एक हात फोडत जाते, एक बांधत जाते. पुस्तकात याले जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. हे शेवाळाचं विष त्या बांधणाऱ्याचे हात धरते."

"मंग फोडणारा फोडतच राहिला."

"हो. 'वाढ, वाढ' म्हणणारे वाफे रातंदिवस भिजत राहतात. एक जीन राखणदारी करते, गडबड दिसली की थांबवते. त्याच्याही कामात हे विष लुडबूड करते. मंग एखादी बिघडलेली पेशी असली तं तिचं फावते. एकीच्या दोन, दोनाच्या चार. गाठ."

माझा पाय चिखलात तसाच राहिला. मेथीत पाणी भरून वाहायला लागलं. मी म्हटलं, "म्हणजे दादाले तेच झालं."

"उंदरात तसं होते."

"मी दादाचं विचारून राहिली."

"दादाले लहानपणी कावीळ झाली होती, तिनं होऊ शकते. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात विष असते, त्यानं होऊ शकते. गाठीचं बी कोणी पेरलं, मले माहीत नाही वयनी. तळ्यानं पाणी घातलं असन. पण घातलंच, असं मी म्हणू शकत नाही. माणसाच्या बाबतीत इतकं पक्कं अजून कोणालेच माहीत नाही."

मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. तुझ्या शिक्षणाला चुलीत घालण्यापर्यंत गेले एवढं आठवतं. तू खाली बसून मेथीचा दांड बांधलास, हात धुतलेस आणि गाडी धरून अमरावतीला गेलीस. पुढच्या रविवारी नेहमीसारखा फोन. "जेवली काय वयनी?" असे कितीतरी रविवार गेले. दर चार-सहा रविवारी मी तेच विचारायचे, तू तेच सांगायचीस.

आणि एक गोष्ट मी कधी विचारली नाही. तळं गुन्हेगार ठरलं की मोरचूद गुन्हेगार ठरतो. मोरचूद ठरला की दादा. गावालाही विष त्यांनीच पाजलं असं होतं. तू म्हणून गप्प होतीस का? शास्त्राला धरून होतीस की भावाला? रात्रंदिवस माझ्या तोंडाशी यायचं आणि मी गिळायचे. तू 'भावाला' म्हणाली असतीस तर तुझी सगळी विद्या माझ्या मनातून उतरली असती. 'शास्त्राला' म्हणाली असतीस तर तू. म्हणून विचारलं नाही. आता विचारून उपयोग नाही.

तर कालचं ऐक. उन्हाळा तोंडावर आला, तळ्याच्या काठाला हिरवी साय धरली, आणि बंडूच्या दुकानात मोरचूद आला. दादा गेल्यापासून तोच एकटा दर साली टाकतो, 'दादाचं काम' म्हणून. ग्रामसभा लागली. आपली सरपंच वैशाली, शिकलेली पोरगी, तुझं तिला आधीपासून पटतं. सकाळीच घरी आली. "काकू, तुमी फकत एक वाक्य बोला. 'या पाण्यानं माया मालकाचा जीव घेतला.' लोकं भेतीन. तुमच्या विशाखाताईचं काम होईन."

खरं सांगते, मन वळलं होतं माझं. तळ्यात मोरचूद पडायचं थांबलं असतं, दादांवरचा दारूचा डाग गेला असता, आणि तू तर नाहीसच, मला अडवणारं कोण? लुगडं नेसता नेसता मी ते वाक्य दोनदा म्हणूनही पाहिलं. चांगलं वाटलं तोंडात. फार चांगलं वाटलं. तिथंच मला शंका आली.

सभेत वैशालीनं मोरचूद बंद करायचा विषय काढून माझं नाव घेतलं, तसा बंडू पहिले उठला. "वयनी, दादाचं काम हाये ते. तुमीच बंद करा म्हणता?"

मी माईक धरला. "दादानं केलं ते गावाच्या भल्यासाठी केलं. आन् चुकीचं केलं. दोनी खरं हाये." मग मी सगळं सांगितलं. विष कसं आत असतं, मोरचुदानं कसं फुटतं, उकळून का जात नाही. वाफे आणि दांड सांगितले. बाया पुढं सरकल्या, कारण दांड फोडणं-बांधणं त्यांच्याच हातचं काम.

मागून कोणीतरी विचारलं, "मंग दादा त्याच्यानंच गेले काय?"

वैशाली माझ्याकडं पाहत होती. सगळी सभा पाहत होती.

मी म्हटलं, "माहीत नाही."

"मंग माहीत नाही तं बंद काहून करता?"

"अंधारात दोरी हाये का साप हाये, माहीत नाही. म्हणून तू लेकराले तिथं निजवतं काय?"

काही हसले. तेवढ्यात एका टारगटानं तोंड उघडलंच. "दादा तं पेत होते म्हणे."

"तुया बापासंगं बसत असन," मी म्हटलं, "इचार त्याले."

बाप तिथंच खांबाला टेकून बसला होता, आणि सकाळपासून घेतलेलाच होता. तो उठला, टोपी नीट केली, आणि सगळ्या सभेला सांगितलं, "या गावात कोण पेते ते मायापेक्षा कोणाले माहीत हाये बे? कितीदा बोलावलं दादाले! कदी बसला नाही. बसला असता तं मले सोबत झाली असती!"

विशाखा, सभा जी हसली! माणसं मांड्या थोपटत होती. मीही हसले आणि माईकवर हसू आवरेना. जे तुझ्याकडून मागून मागून थकले, ते त्या बेवड्यानं एका वाक्यात दिलं, फुकट, आणि खरं. शास्त्राकडं मी उगाच गेले होते त्यासाठी.

ठराव झाला. यंदा तळ्यात मोरचूद नाही. साय जमते त्या काठानं पाणी भरायचं नाही. अंगणवाडीत आणि शाळेत साठवलेलं नळाचंच पाणी. गुरं धुणं बंद, उकिरडे तळ्यापासून दूर, कारण त्यांचं खत खाऊनच शेवाळ माजतं. पाण्याची बाटली तपासायला अमरावतीला जाईल. हात वर झाले, काही अर्धेच वर झाले. ज्यांना पटलं नाही ते तळ्याचंच पाणी भरतील, मला माहीत आहे. त्यांच्या दाराशी मी जाईन. एकदा नाही ऐकलं तर पुन्हा. गुडघे दुखतात, पण तोंड दुखत नाही माझं.

बंडूनं हात वर केला नाही. सभेतून उठून गेला.

आज सकाळी आला. ओसरीवर बसला, चहा ठेवला तरी हात लावेना. मग म्हणाला, "वयनी, खरं सांगा. मी आन् दादानं गावाले जहर पाजलं काय?"

बाई गं. मोठा माणूस, पांढऱ्या मिशा, आणि लहान पोरासारखं तोंड. त्याला एक शब्द हवा होता माझ्याकडून, 'नाही'. देता आला असता. किती सोपा होता. किंवा 'हो' म्हटलं असतं तर तो जन्माचा ठराव झाला असता त्याच्यासाठी. आणि मला तेव्हा दिसलं, त्या मेथीच्या वाफ्यापाशी तू कशी उभी होतीस ते. तुझ्यासमोर मी अशीच बसले होते. तू भावाला धरून नव्हतीस आणि शास्त्रालाही नाही. मला धरून होतीस. खोट्या आधारावर मी उभी राहू नये, एवढंच तुझं होतं, आणि त्यासाठी तू माझ्या शिव्या खाल्ल्यास, आणि रविवारी पुन्हा विचारलंस, जेवली काय.

मी म्हटलं, "माहीत नाही, बंडू."

तो चिडला, त्याला चिडायचंच होतं. "तुमीबी विशाखाताईसारख्याच झाल्या."

"झाली असन," मी म्हटलं. "चहा पे. आन् काठानं पाणी नाही भरायचं तं मधातून उपसा लागन. पाईप किती फूट लागते, ते सांग आधी."